टाकी भरलेली, गॅस बंद

२१ नोव्हेंबर २००३, शुक्रवार. त्या सकाळचं माझं काम म्हणजे खालच्या घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरणं. डॉक्टरबाईंनी आधीच्या खेपेला बजावलं होतं की घरात जी जी गोळी सापडेल ती आणा, चालू असो की बंद, निवडत बसू नका. म्हणून आमच्या घरमालकांचं कपाट, फळी, उशाजवळचा डबा आणि मीटरची पेटी, सगळं मी पालथं घातलं. मीटरच्या पेटीत औषधं कोण ठेवतं, असं कुणी विचारेल. आमचे मालक ठेवायचे. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच, कारण तिथं दुसऱ्या कुणाची हात घालायची हिंमत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या पेटीत रक्तदाबाच्या एकाच गोळीची पाकिटं एकावर एक नीट रचलेली निघाली. एकही फोडलेलं नव्हतं. ती मी पिशवीत टाकली, वरून रक्ताचे रिपोर्ट आणि स्कॅनचा मोठा लिफाफा ठेवला, आणि पिशवीला गाठ मारली.

मालक इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. पहाटेच्या गाडीनं पुण्याहून आलेली त्यांची मुलगी आत चहा करत होती. तिचं माझं ठरलं होतं की आज डॉक्टर काय सांगतील ते दोघींनी ऐकायचं. तिनं दिवाळीतच सांगून टाकलं होतं की डॉक्टरांनी हो म्हटलं, तर घराला कुलूप लावून बाबांना पुण्याला नेणार.

हे सगळं कशावरून, ते सांगायचं तर आधी माणूस सांगायला हवा.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते कंट्रोल रूममध्ये होते, शिफ्ट इन्चार्ज. नाशिक रोडला जेल रोडच्या आतल्या अंगाला त्यांनी घर बांधलं होतं, आणि १९९१ साली आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं आलो. माझा नवरा मनमाडला अपडाऊन करायचा, मी पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवायचे. सामान चढवून झालं तशी पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना खाली बोलावलं. वाटलं, चहाला बोलावलंय. त्यांनी आम्हाला मेन स्विच, पंप, पाण्याचे कॉक आणि गॅसची नळी दाखवली, मग मला म्हणाले, आता परत म्हणा. मी म्हणून दाखवलं. नवऱ्याला म्हणता आलं नाही, तेव्हापासून त्यांनी घरासंबंधी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

वीज केंद्रात म्हणे पाळी संपली की माणूस नुसता उठून घरी जात नाही. काय चालू, काय बंद, कुठं काम निघालंय, हे तो पुढच्या पाळीच्या माणसाला सांगतो. दुसरा ते जसंच्या तसं परत म्हणतो आणि शेवटी 'चार्ज घेतला' असं म्हणतो. मग पहिला मोकळा. नोकरीत हे ठीकच आहे. आमचे मालक कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाले तरी जिन्याखाली उभे राहून हाक मारायचे, "वरचा मजला!"

हे माझं नाव. खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. समोरच्यांना ते 'समोरचा बंगला' म्हणत आणि दूधवाल्याला 'सप्लाय'. मी कठड्याशी आले की ते म्हणत, "पंप बंद. टाकी भरलेली. गॅस बंद. मंडळी आत. चार्ज घ्या." मंडळी म्हणजे काकू, त्यांची बायको. मी नुसतं 'बरं' म्हटलं तर ते हलायचे नाहीत. सगळं परत म्हणून शेवटी 'चार्ज घेतला' म्हणावं लागायचं. परत आले की उलटा कार्यक्रम. मी सांगायचं, ते परत म्हणायचे, आणि शेवटी, "चार्ज घेतला. वरचा मजला, तुम्ही मोकळ्या." कणकेचे हात घेऊन हे करताना सुरुवातीला माझा जीव मेटाकुटीला यायचा. पुढं सवय झाली. माहेरी गेले तरी घरातून निघताना 'गॅस बंद' असं तोंडात यायचं आणि आई माझ्याकडे बघत राहायची.

दुसरा नाद लाल पाट्यांचा. कुठलंही काम चालू असलं की स्विचला लाल पत्र्याची पाटी लटकवायची, 'काम चालू आहे. हात लावू नये.' साधा बल्ब बदलायचा तरी पाटी. मला भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर त्यांची परवानगी, तिला ते परमिट म्हणत. काकूंनी एका उन्हाळ्यात ती पाटी उचलून कैरीच्या लोणच्याच्या बरणीला बांधली. ते बरणीपाशी यायचे, पाटी वाचायचे आणि परत जायचे. पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची, हा त्यांचा नियम होता, आणि काकूंना तो पाठ होता. लोणचं मुरेपर्यंत त्यांना एक फोड मिळाली नाही.

माझ्या क्लासवर त्यांचं बारीक लक्ष असे. शिलाई मशीनना मी मोटरी बसवल्या, तेव्हा ते वर आले आणि मुलींना सांगून गेले की सगळा लोड एकदम टाकायचा नाही, एकेक मशीन चालू करायचं. मुलींना काय, खेळच मिळाला. रोज क्लास सुरू झाला की खिडकीतून ओरडायच्या, "पहिलं मशीन चालू!" खालून उत्तर यायचं, "पहिलं चालू." मग दुसरं. सगळी मशीनं चालू होईपर्यंत गल्लीतली माणसं हसत उभी असायची. ते हसायचे नाहीत.

सकाळी गच्चीवर जाऊन ते एकलहऱ्याच्या चिमण्यांकडे बघत आणि धूर पाहून सांगत की आज अमुक संच बंद आहे. निवृत्त झाल्यावरही हे सुटलं नाही. लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा तर त्यांना घराबाहेर पडणं मुश्किल झालं. समोरचा बंगला भर रस्त्यात हात जोडायचा, "काका, आमच्यावर काय राग आहे? सोडा की लाइट." दोन-चार वेळा ऐकून घेतलं, मग त्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

मुलीच्या लग्नातली गोष्ट मात्र तिच्यासमोर अजूनही कुणी काढत नाही. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका डोळे पुसताहेत, गाडी सुरू झालेली, आणि हे गाडीच्या दारात हात ठेवून उभे. जावयाला म्हणाले, "उपाशी राहिली की चिडते. धुळीनं शिंकते. रागात बोललेलं मनात ठेवत नाही. चार्ज घ्या." जावई बिचारा पुण्याचा, तो म्हणाला, "हो बाबा, काळजी करू नका." हात हलला नाही. "परत म्हणा." दोन्हीकडचे पाहुणे थांबले. अखेर काकूंनी जावयाच्या कानात सांगितलं, तेव्हा त्यानं तीनही वाक्यं म्हणून दाखवली आणि 'चार्ज घेतला' म्हणाला. मग गाडी निघाली. मुलगी पुण्यापर्यंत नवऱ्याशी बोलली नाही, असं ऐकलं. उपाशी होती.

१९९८ साली काकू गेल्या. दिवसकार्य झाल्यावर ते पहिल्यांदा बाहेर निघाले, तेव्हा जिन्याखालून नेहमीसारखी हाक आली. "पंप बंद. टाकी भरलेली. गॅस बंद." जरा थांबले. मग म्हणाले, "घरात कोणी नाही. चार्ज घ्या." मी परत म्हटलं. त्यापुढं पाच वर्षं हेच वाक्य चाललं. माणूस त्या दुःखातून अगदी व्यवस्थित उभा राहिला. स्वतःचा स्वयंपाक, स्वतःची इस्त्री.

मग त्या दिवाळीत टाकी वाहिली.

मुलगी भाऊबीजेला आलेली होती. सकाळी गच्चीवरून पाणी पडायला लागलं, ओट्यावरची रांगोळी वाहून गल्लीत गेली, आणि पंप चालूच. दुसऱ्या कुणाच्या घरी हे रोज होतं. या घरात मी राहायला आल्यापासून एकदाही झालेलं नव्हतं. मी धावत खाली येऊन पंप बंद केला. ते खुर्चीत पेपर वाचत होते. पाण्याकडे बघून म्हणाले, "समोरच्यांची टाकी वाहतेय वाटतं." मुलीनं माझ्याकडे बघितलं. त्याच संध्याकाळी तिनं पुण्याला नेण्याचं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चौथ्या मजल्यावर मी काय करू? पंप सोसायटीचा, टाकी सोसायटीची. मला चार्ज कशाचा?"

मुलगी वाईट नव्हती. तिला रात्री झोप लागत नव्हती, एवढंच. ती म्हणाली, आधी डॉक्टरांना दाखवू, मग ठरवू. तसं ठरलं.

पहिल्या खेपेला डॉक्टरबाईंनी काहीच निदान सांगितलं नाही. वयानं माझ्याहून लहान, पण घाई नाही. त्या म्हणाल्या, विसरणं म्हणजे लगेच स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉइडनं होतं, बी-बारा कमी पडल्यानं होतं, मन खचल्यानं होतं, झोपेच्या गोळ्यांनी होतं. आधी ते सगळं बघून बाजूला काढू. म्हणून रक्त, म्हणून स्कॅन, आणि म्हणून माझी गोळ्यांची पिशवी.

दुसऱ्या खेपेला, म्हणजे त्या शुक्रवारी, आम्ही रिक्षानं गंगापूर रोडला गेलो. मालकांना टेबलासमोर बसवलं, आम्हा दोघींना मागे. आम्ही मध्ये बोलायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. आज तारीख काय? त्यांनी सांगितली, वार सांगितला, वर 'पहिली पाळी' असंही सांगितलं. बरोबर होतं. आपण कुठं आहोत? दवाखान्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, मी तीन शब्द सांगते. ते आत्ता म्हणून दाखवा आणि लक्षात ठेवा, मी थोड्या वेळानं परत विचारीन. पेरू, खुर्ची, कुलूप."

"पेरू, खुर्ची, कुलूप," ते म्हणाले, आणि खुर्चीतल्या खुर्चीत वळून माझ्याकडे बघत, "वरचे ते... ताई, पेरू, खुर्ची, कुलूप. चार्ज घ्या."

बारा वर्षांची सवय. मी म्हटलं, "पेरू, खुर्ची, कुलूप. चार्ज घेतला."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मुलीनं कपाळाला हात लावला. मला दोन वाक्यांत काय ते सांगावं लागलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि म्हणाल्या, "मग आता दुसरे शब्द घेऊ. आणि तुम्ही चार्ज घ्यायचा नाही."

दुसरे शब्द होते चमचा, बैल आणि पतंग. त्यांनी ते स्वच्छ परत म्हटले. सवयीनं मागे वळले. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांनी जरा वाट पाहिली आणि परत पुढं वळले.

मग शंभरातून सात वजा करायचे, त्यातून परत सात. दोनदा जमलं, तिसऱ्या वेळी कुठून वजा करायचं ते सुटलं. मग कोरा कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची.

"सकाळचे की रात्रीचे?"

"कुठलेही चालतील."

"कुठलेही असं नसतं," ते म्हणाले. पण गोल काढला, चांगला गोल. आकडे मात्र सगळे उजव्या बाजूला एकाखाली एक दाटीनं बसले. डावी बाजू कोरीच राहिली. त्यांनी कागदाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "इकडची पाळी आज रिकामी आहे."

मुलगी हसली. मलाही हसू आलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद अलगद आपल्याकडे ओढून घेतला आणि विचारलं, "काका, मघाशी मी तीन शब्द सांगितले होते. कोणते?"

"ते मी दिले."

"कुणाला दिले?"

ते मागे वळले. आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत मुलीकडे. आमच्यापैकी कुणाला दिले ते त्यांना ठरवता येईना. डॉक्टरबाईंनी मदत केली, एक प्राणी होता, म्हणाल्या. "मांजर," ते म्हणाले. आम्ही कुणी मांजर पाळलेलं नव्हतं. मग ते शर्टाची बाही सरळ करत राहिले.

नर्स त्यांना बाहेर घेऊन गेली. डॉक्टरबाई आम्हाला म्हणाल्या की कागदावरचे गुण हा एक भाग झाला. माणूस आधी कसा होता आणि आता कसा आहे, हे घरच्यांकडून कळल्याशिवाय त्या काही ठरवत नाहीत. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, खरं सांगू? बाबा आधीपासून असेच आहेत." आणि तिनं लग्नातली गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली. मी ती तिच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टरबाईंनी मग मला विचारलं, "तुम्ही रोज बघता. हल्ली काय जास्त झालंय?"

मला त्यांचा हा प्रश्नच उलटा वाटला. मी म्हटलं, "जास्त काही झालेलं नाही. कमी झालंय."

मी एकेक करून सांगितलं. गच्चीवर जाऊन चिमण्या बघणं बंद झालं होतं. क्लासच्या मुलींनी एकदा मुद्दाम सगळी मशीनं एकदम चालू केली, तर खालून आवाज नाही. समोरच्या बंगल्याशी बोलायला लागले होते. भांडीवाली बाई एकलहरे गावातून येते, ती मला महिन्यापूर्वीच म्हणाली होती, "काका लय गोड बोलाय लागलेत. मला नाय आवडत." मी ते हसण्यावारी नेलं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चार्ज. ते मला चार्ज देत होते, पण बाहेरून आल्यावर परत घेत नव्हते. चार महिने घराचा चार्ज माझ्याकडेच पडून होता.

"आणखी काही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हल्ली मला ताई म्हणतात."

"आधी काय म्हणायचे?"

"वरचा मजला."

डॉक्टरबाईंनी हे लिहून घेतलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला कळत होतं की मी सांगते आहे त्यातलं प्रत्येक वाक्य तिच्या वडलांना पुण्याकडे ढकलतंय. मलाही कळत होतं. पण गोळ्या निवडत बसू नका, असं ज्या बाईनं सांगितलं, तिला गोष्टी तरी निवडून कशा सांगणार?

मग डॉक्टरबाईंनी सगळं समोर मांडलं. थायरॉइड ठीक होतं. बी-बारा थोडं कमी होतं, त्याची इंजेक्शनं देणार होत्या, पण एवढं सगळं त्यानं झालेलं नसणार. स्कॅनमध्ये गाठ नाही, रक्तस्राव नाही, मेंदू वयाच्या मानानं जरा जास्त आकसलेला. मन खचल्याची लक्षणं नाहीत. आणि रोजचं काम, म्हणजे पंप आणि गोळ्या, हातातून सुटायला लागलेलं. हा स्मृतिभ्रंश आहे, त्या म्हणाल्या, सुरुवातीची पायरी. औषधानं वेग थोडा कमी होईल कदाचित, बरा होणार नाही. सहा महिन्यांनी परत बघू.

मुलीनं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "म्हणजे आता पुण्याला नेलेलंच बरं ना?"

"घाई करू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ओळखीच्या घरात अशी माणसं जास्त दिवस नीट राहतात. जागा बदलली की बऱ्याचदा गोंधळ वाढतो. पण एकटं ठेवायचं नाही. गॅस आणि पंप त्यांच्या हातात नको. गोळ्या कुणीतरी समोर उभं राहून द्यायच्या. असं बघणारं कुणी असेल, तर सध्या तिथंच राहू द्या."

मुलीनं मान वळवली. "वहिनी, तुम्ही घ्याल चार्ज? मे महिन्यापर्यंत तरी."

"घ्यायचा काय राहिलाय," मी म्हटलं. "माझ्याकडेच आहे."

पण मी तशी लगेच हो म्हणणारी नाही. रिक्षात बसल्याबसल्या अटी घातल्या. दुपारच्या वेळेला एक बाई ठेवायची, तिचा पगार मुलीनं द्यायचा. रात्री माझा नवरा खाली झोपेल, त्याला परत म्हणायला लावायचं नाही. महिन्यातून दोन शनिवारी मुलीनं यायचं, फोनवर भागवायचं नाही. आणि मे महिन्यात जे दिसेल ते बघून ठरवायचं, आधी रडारड नको. तिनं सगळं मान्य केलं. मालक आमच्या मध्ये बसून रस्त्याकडे बघत होते. द्वारका चौक ओलांडल्यावर त्यांनी विचारलं की निकाल काय लागला. मी म्हटलं, "काका, दुरुस्तीचं काम निघालंय. पण घर बंद करायचं नाही."

"पाटी लावा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासच्या आधी खाली गेले. मुलगी अजून झोपली होती. मालक उठून, अंघोळ करून जिन्याखाली उभे होते, कुठं निघाले होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "काका, चार्ज घ्यायला आलेय."

ते लगेच ताठ झाले. "पंप बंद," ते म्हणाले. "टाकी भरलेली. गॅस बंद." जरा थांबले. "मंडळी आत. चार्ज घ्या."

मी म्हटलं, "पंप बंद. टाकी भरलेली. गॅस बंद. मंडळी आत. चार्ज घेतला. काका, तुम्ही मोकळे."

ते ओट्यावर जाऊन खुर्चीत बसले. मी आत जाऊन गॅसचं बटण सिलिंडरपाशी बंद केलं आणि त्याला लाल पाटी बांधली. कालच्या पिशवीतली रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर त्यांना दिली, गिळेपर्यंत समोर उभी राहिले. मग पंप चालू केला, कारण टाकी रिकामी होती, आणि ती भरेपर्यंत तिथून हलले नाही.